सात नंबरचं ताट

मला सांभाळलं ते सेलूकर बाईंनी. नलिनी सेलूकर. हे नाव आधी लिहून ठेवते. पुढं जे सांगायचं आहे त्यात माझी चूक एवढी मोठी आहे, की सांगता सांगता माझा हात थांबेल, वही मिटेल आणि बाईंचं नाव लिहायचंच राहून जाईल, अशी मला भीती वाटते.

भीती मला कशाचीही वाटते. कुकरची शिट्टी, मोबाइलवर आलेला अनोळखी नंबर, बांधाच्या कडेला हललेलं गवत. बाई म्हणायच्या, "रंजना, तुझ्या छातीत एक खार बसलीय. तिला हुसकू नकोस. ती काय बघतेय तेवढं मला सांगत जा."

माझं गाव गडचिरोलीकडचं. इथून दोन गाड्या बदलून एक रात्र आणि अर्धा दिवस लागतो. मी आठवीत होते तेव्हा आई मोहफुलं वेचायला गेली आणि तिला वाघानं नेलं. शाळेची वाट त्याच रानातून जायची, म्हणून शाळा सुटली. पुढं दोन वर्षं मी अंगणाच्या कुडाबाहेर पाय टाकला नाही. मोठी बहीण लग्न होऊन छत्रपती संभाजीनगरला आली होती, भाऊजी वाळूजला कंपनीत. ताईनं मला इकडं आणलं. तिची एकच खोली, त्यात सासू, दोन लेकरं आणि मी. महिन्याभरात तिनं मला सेलूकर बाईंकडं स्वयंपाकाला आणि राहायला लावून दिलं. निघताना दारात म्हणाली, "इथं टिकलीस तर टिकलीस. नाहीतर गावाकडंच जावं लागेल, माझा इलाज नाही."

गावाकडं म्हणजे त्या रानाकडं. ते वाक्य माझ्या पोटात बसलं ते बसलंच.

बाई ठेंगण्या. सुती साडी घोट्याच्या वर खोचलेली आणि पायात कॅनव्हासचे पोरांचे बूट. एका ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकतर भिक्षुकी नाहीतर कचेरीतली कारकुनी. "माझ्यात दोन्ही उतरलंय," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. "नैवेद्यासारखी ताटं मांडते आणि कारकुनासारखी नोंद करते."

ताटांचं पुढं सांगते. आधी मंडईचं.

त्यांच्याकडं लागून आठच दिवस झाले होते. औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत आम्ही मटार घ्यायला गेलो. जाताना रस्ता ओलांडायचा, तर बाईंनी माझा हात एवढा गच्च धरला की बांगडी रुतली. मला वाटलं, मला सांभाळतायत. मग कळलं, त्याच घाबरल्या होत्या. रस्त्याला आणि कुत्र्याला त्या फार घाबरत. मंडईत पोचल्यावर त्यांनी मटार घेतलेच नाहीत. एका गाडीशेजारी पालथ्या टोपलीवर बसल्या, मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि शेंगा निवडणाऱ्या बायकांकडं बघत राहिल्या. पाव तास गेला. गाडीवाला बेचैन झाला.

"क्या माँजी, घडी लेके कायकू बैठे? म्युन्सिपाल्टी से आये क्या?"

"नाही हो. तुमची गिऱ्हाइकं बघतेय."

"कुछ चुराये क्या कोई?"

"अहो नाही. त्या किती वेळ निवडतात ते बघतेय."

गाडीवाल्यानं माझ्याकडं बघितलं. बाई डोक्यानं बऱ्या आहेत ना, असं विचारल्यासारखं. मी खाली मान घातली. परत येताना बाई खुशीत होत्या. "बघितलंस का? हाताला भरलेल्या शेंगा लागतायत तोवर बाई ढिगापाशी थांबते. किडक्या, पोचट लागायला लागल्या की उठते. ढीग संपेपर्यंत एकही थांबली नाही. आणि जिला पुढची गाडी लांब पडणार होती, ती जास्त वेळ थांबली. यांना कुणी शिकवलं? कुणी नाही. चिमणी हेच करते, मधमाशी हेच करते, वानर हेच करतं."

एवढं सांगून झाल्यावर घरी मटार नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीनंतर बाईंनी शहरातलं घर कुलूप लावून बंद केलं आणि सोयगावकडं, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला, एका वस्तीवर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मला म्हणाल्या, "येतेस का? रान आहे, आधीच सांगते." मी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर ताईकडं, आणि ताईकडून गावाकडं. एका रानाला भिऊन दुसऱ्या रानात आले, असंच म्हणायचं.

तिथं बाई काय करायच्या, हे वस्तीला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. ॲल्युमिनियमची सात खोलगट ताटं. प्रत्येकात दोन तांबे बारीक वाळू आणि वाळूत कालवलेले ज्वारीचे दोनशे दाणे, मोजून. ही ताटं वस्तीपासून डोंगराकडं, एकापुढं एक, ठरलेल्या जागी संध्याकाळी ठेवायची. एक नंबरचं गोठ्यामागं उघड्यावर, आणि सात नंबरचं थेट खालच्या नाल्यात, घाणेरीच्या जाळीत. उजाडलं की चाळणी घेऊन जायचं, वाळू चाळायची, किती दाणे उरले ते मोजायचे, कुणाची पावलं उमटलीत ते बघायचं आणि वहीत लिहायचं. ससा, तित्तर, लांडोर, खार, उंदीर, जो येईल तो पाहुणा.

घरमालकीण गयाबाई पहिल्या दिवशी पदर तोंडाला लावून हसली होती. "बाई, सशाला पंगत बसवता व्हय? लई झालं बया! आमी जावयाला बी एवढं मोजून वाढत नाय."

"गयाबाई, जावई किती टाकून उठतो ते कधी मोजलंत का?"

"टाकतोय कुठला! ताट चाटून उठतंय मेलं."

"म्हणजे तुमच्या घरी त्याला भीती वाटत नाही," बाई म्हणाल्या. "मी तेच मोजतेय."

मला त्यांनी जास्त नीट सांगितलं. सुरुवातीचे दाणे वर असतात, पटापट सापडतात. मग वाळू उकरावी लागते. एकेका दाण्याला वेळ वाढत जातो आणि तेवढा वेळ मान खाली राहते. मान खाली असली की मागून काय येतंय ते दिसत नाही. मग एका घडीला जनावर ठरवतं, आता पुरे, एवढ्यासाठी जीव पणाला लावायचा नाही. जिथं ते निर्धास्त असतं तिथं वीस-पंचवीस दाणे उरतात. जिथं धास्ती असते तिथं शंभर, सव्वाशे. "जनावर बोलत नाही," बाई म्हणायच्या, "पण किती सोडून गेलं त्यावरून ते किती भ्यालं होतं ते कळतं."

नाल्यातल्या सात नंबरला नेहमी कमी दाणे उरत. वरून घारी-गरुडाची नजर पोचत नाही, आडोसा दाट, म्हणून ससे आणि मोर तिथं पोटभर खात. बाईंना ती जागा आवडायची. मला नाही. तिथं उतरताना बाई पुढं असायच्या आणि मी त्यांच्या साडीच्या काठावर नजर ठेवून चालायची, आजूबाजूला बघायचं नाही असं ठरवून.

एकदा आम्ही उंबराखाली वानरांची टोळी बघत बसलो होतो. झाडावर पिकलेली उंबरं अजून पुष्कळ होती, तरी टोळी उठून चालायला लागली. बाई नेहमीप्रमाणं वेळ लिहीत होत्या. मी सहज बोलून गेले, "फुलं विरळ झाली की आमच्याकडंही बाया झाड सोडतात."

बाईंची पेन्सिल थांबली. "कुठली फुलं?"

मग मी सांगितलं. पहाटे मोह गळतो. एका झाडाखाली दाट असतो तोवर वेचायचा, हात दोनदा रिकामा गेला की पुढचं झाड धरायचं. हे आईनं शिकवलं होतं. आणि मग, का कोण जाणे, कुणाला न सांगितलेलं तेही सांगितलं. त्या वर्षी ओढ्यापलीकडच्या एका झाडाखाली फुलांचा सडा पडलेला होता. तीन-चार दिवसांचा. खालची फुलं सुकून गेलेली, तरी कुणी वेचली नव्हती. आईनं लांबूनच बघितलं आणि खूश झाली. मला म्हणाली, "तू जाय समोर, हे टोपलं घेऊन. मी येतोच." आमच्याकडं बायका असंच बोलतात, येतो, जातो.

ती आली नाही. नंतर लोक म्हणाले, तिकडं वाघ बसतो हे पलीकडच्या पाड्याला माहीत होतं, म्हणून ते झाड त्यांनी सोडलेलं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वानरं दिसेनाशी झाली. मग म्हणाल्या, "दोनदा हात रिकामा गेला की. असंच म्हणाली होती ना ती?" आणि वहीत ते लिहून घेतलं. खाली आईचं नाव विचारून तेही लिहिलं. सुमित्रा. माझ्या आईचं नाव वहीत लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आता माझ्या चुकीचं.

गेल्या वर्षी कोजागिरी झाली आणि दुसऱ्याच दिवशी बाईंना ताप भरला. डॉक्टरनं आठ दिवस अंथरुणातून उठायचं नाही म्हणून बजावलं. "ताटं चुकवायची नाहीत," बाई तापात म्हणाल्या. "चांदणं कमी होत जातं तशी जनावरांची भीती कशी बदलते ते याच दिवसांत कळतं. तू जाशील ना?"

जाते म्हटलं.

पहिल्या सकाळी सहा ताटं केली. नाल्याच्या काठावर पळसाचं झाड आहे, तिथवर गेले. खालच्या जाळीतून काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे काहीच नव्हतं. एरवी तित्तर ओरडतं, सातभाई कलकलतात. त्या दिवशी नुसत्या माशा घोंगावत होत्या. मग वरच्या बाजूनं एक वानर खोकल्यासारखं ओरडलं, एकदाच. मी परत फिरले ते थेट गोठ्यापाशी येऊन थांबले.

बाईंनी पडल्या पडल्या विचारलं, "सातला किती?"

माझ्या तोंडून निघालं, "तेवीस."

"शाबास."

त्या शाबासकीनं घात केला. खरं सांगायची वेळ तीच होती, ती गेली. दुसऱ्या दिवशी लिहिलं एकवीस. तिसऱ्या दिवशी सव्वीस. रोज थोडं कमी-जास्त करायची, खरं वाटावं म्हणून. सात दिवस. संध्याकाळी सातव्या ताटाची ज्वारी पदरात घेऊन निघायची आणि वाटेत कोंबड्यांना टाकायची. रोज ठरवायची, उद्या सांगू. रोज ताईचं वाक्य आठवायचं.

तापाच्या आठव्या दिवशी दुपारी गयाबाई बाईंच्या उशाशी येऊन बसली. बाईंचा ताप उतरला होता. मी आत भाकरी थापत होते.

"बाई, एक इचारू का? खालच्या नाल्यात सीताफळं लई पिकलीत म्हंत्यात. औंदा तिकडं कुणीच गेलं नाय. पलीकडच्या वस्तीवरली एक शेळी गेली म्हून बिबट्याचं नाव काढत्यात. पर गावात काय, कुत्र्यानं नेली तरी बिबट्याच. तुमचं ताट काय म्हंतंय?"

वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"नाल्यात तर सगळे निवांत जेवतायत," बाई म्हणाल्या. "वीस-पंचवीसच दाणे उरतात रोज. बिबट्या असता तर असं झालं नसतं."

"मग जाऊ?"

"जा. उद्या मी पण येते, पाय मोकळे होतील."

तव्यावरची भाकरी जळली. मी बाहेर जाऊन बोलणार होते. उंबऱ्यापर्यंत गेलेही. गयाबाईनं वर बघितलं, "काय गं, तोंड का असं केलंस?" मी म्हटलं, "भाकरी जळली."

सकाळी निघालो. गयाबाई पुढं, मग तिची सून कविता रिकामी पाटी घेऊन, मग काठी टेकत बाई, सगळ्यात मागं मी. कविता माझ्याच वयाची, सारखी काहीतरी बोलणारी. मागं वळून म्हणाली, "रंजना, आज लई गप गं? बिबट्याला भेतीस व्हय? आगं, तुज्या अंगाव मांस हाय का? तुला बगून त्योच म्हनंल, आदी जेवून ये." गयाबाई हसली. बाईही हसल्या. मी खाली बघत चालत राहिले.

पळसापाशी पोचलो. कवितानं घाणेरीची फांदी बाजूला केली आणि उतरायला लागली. समोर झाडं सीताफळांनी लगडलेली. फळं पिकून फुटलेली, खाली पडून नासलेली, मुंग्या लागलेल्या. गयाबाई हरखून म्हणाली, "बया, सडा पडलाय सडा!"

बाई मात्र थांबल्या होत्या. भुवया चढवून त्या झाडांकडं बघत होत्या. स्वतःशीच पुटपुटल्या, "एवढं पिकलेलं वानरांनी कसं सोडलं?"

मला ओढ्यापलीकडचं झाड दिसलं. आईची पाठ दिसली.

"कविता, वर ये!" मी ओरडले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "खाली जाऊ नको! मी ताट बघितलंच नाही. सात दिवस बघितलं नाही. खोटे आकडे लिहिले मी!"

बाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यांचे डोळे कवितावर होते. आवाज न चढवता, वर्गात फळ्यापाशी बोलावल्यासारखं त्या म्हणाल्या, "कविता, पाठ नको फिरवूस. तोंड जाळीकडंच ठेव आणि तशीच एकेक पाऊल मागं ये. पळायचं नाही. मी इथं आहे."

कविता अकरा पावलं खाली होती. ती पाटी छातीशी धरून मागं मागं येत होती. जाळीतून वास येत होता, मेलेल्या जनावराचा. माशांचा आवाज मध्येच थांबायचा, परत सुरू व्हायचा. सातव्या पावलाला तिचा पाय घसरला, तेव्हा गयाबाईच्या तोंडून नुसती हवा निघाली. बाईंनी काठी पुढं केली. कवितानं मागं हात करून ती पकडली आणि वर आली.

जाळीतून काही बाहेर आलं नाही. पण खालच्या अंगाला, एकाही पानाचा आवाज न होता, घाणेरीचे शेंडे ओळीनं हलत गेले, नाल्याच्या वळणापर्यंत. ते आम्ही चौघींनीही बघितलं.

गोठ्यापाशी आल्यावर गयाबाई माझ्यावर धावली. "भवाने! सात दिस? माजी सून वाघाच्या तोंडात घालीत हुतीस व्हय? तुज्या मायला वाघानं नेलं म्हून दुसऱ्याच्या लेकीला बी नेऊ दे?" तिचा हात उगारलेला होता. मी तो चुकवला नसता. बाईंनी मध्ये उभं राहून तो धरला. "गयाबाई, 'जा' मी म्हटलं होतं. मी ताट बघितलं नव्हतं, नुसती वही बघितली होती. आधी मला मारा."

गयाबाईचा हात खाली आला. कविता जमिनीवर बसून रडत होती.

दुपारी वस्तीतले सात-आठ गडी डबे वाजवत नाल्यात उतरले. बाई म्हणाल्या, "रंजना, चल." मला वाटलं, ही शिक्षा. पण चालताना त्यांनी माझा हात धरला, रस्ता ओलांडताना धरायच्या तसाच, गच्च. जाळीच्या आत शेळीची शिंगं आणि दावं सापडलं. ताट त्यापासून वीस-बावीस पावलांवर होतं. बाईंनी ताप येण्याआधी ठेवलेलं, तसंच. दंवानं वाळू ओली होऊन काही दाण्यांना मोड आले होते. आणि वाळूच्या मधोमध एक पाऊल उमटलेलं होतं. चार बोटं, मागं गादी, नखं नाहीत. माझा तळवा त्यात बसला असता.

बाईंनी आधी त्याचं माप घेतलं. मग, गडी डबे बडवत असताना, तिथंच उकिडवं बसून वाळू चाळली आणि दाणे मोजले. एकशे चौऱ्याण्णव. एवढ्या रात्रींत सहाच दाणे गेलेले, तेही उंदरानं.

त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी पिशवी भरून ठेवली आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. त्यांनी पिशवीकडं बघितलं. "ती खाली ठेव आणि बस. पहिल्या दिवशी तू कुठपर्यंत गेली होतीस?"

"पळसापर्यंत."

त्यांनी पट्टी घेतली, माझ्या तेवीस आकड्यावर सरळ रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'ताट पाहिले नाही. रंजना पळसापर्यंत गेली, परतली.'

"दुसऱ्या दिवशी?"

"पळसाच्या अलीकडं, मोठा दगड आहे तिथवर."

"तिसऱ्या?"

असं सातही दिवसांचं विचारलं. बांध, विहीर, चिंच. सातव्या दिवशी मी गोठ्याच्या पुढं गेलेच नव्हते. बाईंनी सगळं लिहिलं, मग वही माझ्याकडं फिरवली.

"वाच. रोज मागं सरकत गेलीस. तुला काही दिसलं नव्हतं, तरी सरकत गेलीस. सशानं हेच केलं असतं, आणि ससा बरोबर होता. परत फिरलीस त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण तेवीस लिहिलंस! अगं, भ्याले म्हणून लिहायचं होतंस. एवढं एक खरं लिहिलं असतंस तर कविता त्या उतारावर गेली नसती. ती पोर मेली असती, रंजना. तुझ्या अक्षरानं आणि माझ्या शब्दानं मेली असती."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. जवळ घेतलं नाही.

मग आम्ही दोघी गयाबाईच्या दारात गेलो. मी कवितासमोर सगळं परत सांगितलं, पहिल्या दिवसापासून. सेलूकर बाईंनी हात जोडले. गयाबाई तांदूळ निवडत राहिली, वर बघितलं नाही. शेवटी म्हणाली, "बाई, तुमी हात जोडू नगा, पाप लागंल मला. हिला ठिवायची का घालवायची ते तुमचं तुमी बगा." कविता आतून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. वरडली की ती. गप बसली असती तर?"

ताईचा फोन आला तेव्हा बाई बोलल्या. मी दाराआड उभी होते. "कामात चुकली, मोठी चुकली," त्या म्हणाल्या. "नाही, पाठवत नाही. कुठं आणि कसं चुकलं, हे तिला आता माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. असं माणूस मला दुसरं कुठं मिळेल?"

तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी चाळणी माझ्या हातात दिली. बिबट्या तेव्हा डोंगर चढून पलीकडं गेल्याचं वनखात्याच्या माणसांनी सांगितलं होतं, तरी सात नंबरला आम्ही दोघीच, हातात हात धरून जायचो. तिथं कितीतरी दिवस सव्वाशेच्या वर दाणे उरत होते. "तो गेला," बाई म्हणायच्या, "पण त्याची भीती अजून गेलेली नाही. बघू किती दिवस टिकते." तेव्हापासून वहीत एक नवीन रकाना आहे. त्यात मी रोज माझं लिहिते. 'भ्याले.' 'थोडी भ्याले.' 'खूप भ्याले, पण गेले.'

यंदा श्रावणात बाईंचे गुडघे पार गेले. शस्त्रक्रियेसाठी त्यांची भाची त्यांना संभाजीनगरला न्यायला आली. सोयगावच्या स्टँडवर गाडीच्या दाराशी एक कुत्रं पसरलं होतं. बाई चढेचनात. मी मध्ये उभी राहिले तेव्हा भाचीचा खांदा धरून चढल्या. खिडकीपाशी बसल्यावर पिशवीतून वही काढली आणि गजांतून माझ्याकडं दिली. "डॉक्टर सहा महिने म्हणतायत. ताटं चुकवू नकोस."

मी म्हटलं, "बाई, त्या सात दिवसांचं काय?"

"त्यांचे आकडे कोरेच राहणार. वहीत भोक पडलंय ते पडलंय." मग माझं तोंड बघून म्हणाल्या, "अगं, तब्येतीला जप."

गाडी हलली. मी हात हलवला, पण बाईंचं लक्ष नव्हतं. स्टँडवर कुणाचे तरी मुरमुरे सांडले होते, त्यावर चिमण्या उतरल्या होत्या. एक टिपायची, मान वर करायची, परत टिपायची. बाई गजाला कपाळ टेकून त्यांच्याकडं बघत होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते.

बाई, कोजागिरी आता जवळ आली आहे. तेच चांदणं, तीच द्वितीया ते अष्टमी. गेल्या महिन्यापासून वरच्या डोंगरात वानरं परत तशीच खोकल्यासारखी, बिबट्या दिसल्यासारखी ओरडतायत, त्यामुळं एकटी जाणार नाही. कविता डबा वाजवत बरोबर येते म्हणाली आहे. जिथून पाय पुढं निघणार नाही तिथून परत फिरेन आणि तेवढंच लिहीन. यंदा सातही दिवस जमले नाहीत तर पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. पण ते सात दिवस, माझ्या डोळ्यांनी बघितलेले, एकेक दाणा मोजलेले, मी तुमच्या हातात आणून देईन.